हलके, घट्ट पकडीचे आणि टिकाऊ: डोंगरभटकंतीसाठी बूट कसे निवडावेत?

रानवाट:

नमस्कार मंडळी,

माझ्या घोट्यापर्यंतच्या चामडी बुटांचा तळवा पार गुळगुळीत झालाय, नवी जोडी घ्यायची वेळ आली आहे. जुना एकेक बूट जवळपास ७०० ग्रॅमचा. दिवसअखेर उतरताना पाऊल उचलवत नाही, म्हणून या वेळी हलके बूट घ्यायचे हे नक्की. पण हलका बूट कातळावर धरेल का, आणि धरला तर टिकेल का, इथे घोडं अडलंय.

भटकंती बहुतेक एका दिवसाची असते, अधूनमधून मुक्कामी. मुक्काम असला की सॅक ८ ते १० किलोची होते. वाटा सगळ्या प्रकारच्या: खाली मातीची पायवाट, मधे घसारा (सुट्या खड्यांचा घसरता उतार), वर उघडा कातळ, एखादा सोपा रॉकपॅच (हात-पाय लावून चढायचा कातळाचा टप्पा). पावसाळ्यात चिखल आणि ओढे. बर्फात जात नाही.

तळव्याचे दात जितके खोल तितकी पकड चांगली, हे खरं का? घोट्याखालचा बूट घेतला तर पाय मुरगळण्याची भीती वाढते का? वॉटरप्रूफ घ्यावा का? ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरवाटांवर धावण्याचे, बूट चालतील का? मॉडेलची नावं नकोत, ती दर वर्षी बदलतात. काय बघून निवडायचं ते सांगा.

कातळवेडा:

रानवाट, प्रश्न नेमके विचारलेत, त्यामुळे उत्तर द्यायला हुरूप आला. लांबेल, सवडीने वाचा.

आधी वजन, कारण तुमचा निर्णय योग्य आहे. पायातल्या वजनाला पाठीवरच्या वजनाच्या साधारण पाच ते सहा पट ताकद लागते. अमेरिकी लष्करासाठी सैनिकांना चालवून यावर मोजमापं झाली आहेत. धावण्यावरच्या अभ्यासातून आलेला दुसरा आकडा असा की बुटाचं वजन दर पायाला १०० ग्रॅम वाढलं की शरीराला लागणारा प्राणवायू सुमारे १ टक्क्याने वाढतो. तुम्ही ७०० ग्रॅमवरून ४०० वर आलात तर दोन्ही पायांचे मिळून ६०० ग्रॅम वाचले, म्हणजे सॅकमधून तीनेक किलो काढून ठेवल्यासारखं झालं. एवढा फायदा महागड्या हलक्या सॅकनेही होत नाही.

आता पकड. खोल दात म्हणजे चांगली पकड, हा समज चिखलापुरता खरा आहे. मऊ जमिनीत दात रुततात, मागची माती त्यांना अडवते, पाय थांबतो. कातळात दात रुतत नाही. तिथे पाय धरून ठेवतं ते रबर, आणि जितकं रबर दगडाला टेकलं असेल तितकं बरं. खोल आणि लांब लांब अंतरावरच्या दातांनी टेकणारं रबर कमी होतं, शिवाय उतारावर पूर्ण भार आला की उंच दात वाकतात आणि पाय बुटासकट हलल्यासारखा वाटतो.

रबर दगडाला दोन प्रकारे धरतं. एक, पृष्ठभागाला चिकटून. दुसरं, भाराखाली दबून दगडाच्या बारीक खाचाखोचांचा आकार घेऊन. दगड ओला झाला की मधे पाण्याचा पातळ थर येतो, चिकटणं जवळजवळ संपतं आणि सगळी मदार दुसऱ्या प्रकारावर येते. खरबरीत कातळ भिजला तरी बऱ्यापैकी धरतो आणि ओढ्यातला गुळगुळीत गोटा दगा देतो, त्याचं कारण हेच. मऊ रबर खाचांमध्ये लवकर शिरतं म्हणून ते ओल्या कातळावर सरस ठरतं. थंडीत तेच रबर कडक होतं आणि पकड उतरते.

पण मऊ रबर झिजतंही लवकर. पकड आणि टिकाऊपणा या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच दोन-चार मिलिमीटर रबराकडून मागत असता. म्हणून तुमचं पाऊल जास्तीत जास्त वेळ कशावर पडतं, हे आधी ठरवा. तुमच्या वर्णनावरून मी ४ मिलिमीटरच्या आसपास खोलीचे दात, त्यांचे माथे सपाट आणि रुंद, चवड्याच्या पुढे अंगठ्याखाली थोडा सलग सपाट भाग, आणि टाचेकडे आडव्या दातांची ओळ असलेला तळवा बघेन. अंगठ्याखालचा सपाट भाग रॉकपॅचवर छोट्या खाचेत उभं राहायला, टाचेची ओळ घसाऱ्यावर उतरताना ब्रेक लावायला. वर्षातले बरेच दिवस चिखलातच जाणार असतील तर ५ ते ६ मिलिमीटर आणि दातांमध्ये मोकळी जागा, नाहीतर चिखल दातांत भरून बसतो आणि तळवा पुन्हा सपाटच होतो.

हिरवाई:

+१. दातांमधल्या जागेचा मुद्दा फार कमी लोक सांगतात.

कातळवेडा, शेवाळलेल्या दगडावर कोणतं रबर चालतं? ओढा ओलांडताना मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटते.

कातळवेडा:

कोणतंच नाही. शेवाळ म्हणजे दगडावरचा जिवंत बुळबुळीत थर, रबर त्या थराला धरतं आणि थर दगडावरून निसटतो. नदीत उभं राहून मासे पकडणारे लोक यासाठी तळव्याला जाड नमद्याचा (तंतू दाबून केलेल्या कापडाचा) थर असलेले बूट वापरायचे. त्याचे तंतू शेवाळातून आरपार जाऊन दगड धरतात. पण नमदा लवकर वाळत नाही आणि त्यातून सूक्ष्म जीव एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. न्यूझीलंडने २००८ मध्ये डिडिमो नावाचं शैवाल पसरू नये म्हणून अशा तळव्यांवर बंदीच घातली. शिवाय नमदा डोंगरात चालायला निरुपयोगी. शेवाळ दिसलं की पाऊल दगडाच्या माथ्यावर न ठेवता दोन दगडांच्या फटीत, पाण्याखालच्या वाळूत किंवा खड्यांवर ठेवावं, काठी टेकावी, पावलं लहान घ्यावीत. हे काम बुटावर सोपवू नये.

जुनीपायवाट:

थोडा वेगळा सूर लावतो. हलक्या बुटांचं कौतुक वाचून नवीन मंडळी जड बूट टाकून देतील असं वाटतं, म्हणून लिहितोय.

कडक तळव्याचा बूट बोटाएवढ्या खाचेवर उभं राहिलं तरी वाकत नाही, पोटरीला आराम मिळतो. पाठीवर १५-१८ किलो असेल तर टोकदार दगडांवर दिवसभर चालून मऊ बुटात तळपाय ठणकायला लागतात. घोट्याच्या हाडावर दगड आपटतो तो उंच बूट अडवतो. घसाऱ्यात खडे आत शिरत नाहीत. कठीण बर्फात पायऱ्या मारायच्या असतील किंवा क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) लावायचे असतील तर कडक बुटाला पर्याय नाही. आणि चांगला शिवलेला चामडी बूट पुन्हा सोल बसवून वर्षानुवर्षं जातो. मी आजही लांबच्या, जड सॅकच्या भटकंतीला तेच घालतो आणि घालणार.

कातळवेडा:

जुनीपायवाट, तुमचं जवळजवळ सगळं मान्य, विशेषतः बर्फ आणि जड सॅक. रानवाट यांची सॅक ८-१० किलोची आहे आणि बर्फ नाही, म्हणून मी हलक्याकडे झुकलो.

खडे आत जाण्यावर घोट्याखालच्या बुटावर कापडी गेटर (बुटाचं तोंड झाकणारं आवरण) लावला की काम भागतं, वजन नगण्य.

पाय मुरगळण्याबद्दल मात्र एक सांगायला हवं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि घोट्याखालचे बूट वाटून देऊन मुरगळण्याचं प्रमाण तपासलं होतं. दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. मैदान आणि डोंगर एक नव्हे हे खरं, पण मऊ कापडाची कॉलर सगळा भार आला असताना घोटा वळण्यापासून रोखेल ही अपेक्षा चुकीची आहे. रोखते ती कडक चामड्याची, घट्ट बांधलेली कॉलर, तीही काही अंशी. त्यापेक्षा दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो. पहिली, तळव्याची उंची आणि रुंदी: जाड, उंच गादीचा बूट दगडावर कलला की घोटा जास्त वळतो. दुसरी, घोट्याचे स्नायू. एका पायावर उभं राहून तोल सांभाळण्याचा व्यायाम नियमित केला तर मुरगळणं कमी होतं, आणि ज्यांचा पाय आधी मुरगळला आहे त्यांना याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

ज्यांच्या घोट्याला जुनी दुखापत आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारूनच ठरवावं.

फर्मा:

बूट दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे डोंगरातून आलेले फाटके बूट रोज हातात असतात. टिकाऊपणाबद्दल लिहितो.

लोक तळवा झिजला म्हणून बूट टाकतात असं वाटतं, पण हलक्या बुटांत तळवा झिजायच्या आधी दुसरंच काहीतरी जातं. सर्वात आधी जातं ते करंगळीच्या बाजूला, जिथे चवडा वाकतो तिथलं जाळीचं कापड. प्रत्येक पावलाला तिथे घडी पडते, घडीत माती आणि बारीक वाळू बसते आणि ती आतून सुरीसारखं कापते. म्हणून दुकानात बूट हातात घेऊन चवड्यात वाकवा आणि घडी कुठे पडते ते बघा. घडी शिवणीवर किंवा दोन थरांच्या जोडावर पडत असेल तर तो बूट ठेवून द्या. घडीच्या जागी सलग कापड किंवा सलग रबरी पट्टी असली तर बरं.

दुसरी जागा बोटांसमोरची. तिथे रबराचं कवच हवं, आणि ते बाजूंनी निदान करंगळीपर्यंत यायला हवं. काही बुटांत समोर नुसता रंगाचा पातळ थर असतो, तो काही दिवसांत सोलवटतो.

तिसरं, पेस्टिंग. हलक्या बुटांचा सोल बहुतेक सगळा सोल्युशननेच चिकटवलेला असतो, शिवलेला नसतो. यात वाईट काही नाही, वजन त्यामुळेच वाचतं. पण सोल आणि अप्पर (बुटाचा वरचा भाग) यांच्या जोडावर नख फिरवून बघा. कुठे फट लागली, विशेषतः बोटांपाशी, की ती पावसात वाढणारच. आणि ओले बूट शेकोटीजवळ किंवा हीटरपुढे वाळवू नका. उष्णतेने सोल्युशन मऊ पडतं, चामडं आकसतं. आत कागद कोंबा, इनसोल काढून वेगळं ठेवा, सावलीत वाऱ्यावर वाळू द्या. कागद भिजला की बदला.

चौथं, मिडसोल, म्हणजे तळव्याचं रबर आणि पाय यांच्यामधली गादी. हे दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही. हलक्या बुटांत ते ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकच्या फेसाचं असतं. वजनाला हलकं, पण दाबून दाबून त्यातले हवेचे बुडबुडे बसतात आणि गादी मरते. बाजूने आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्या, बूट सपाट फरशीवर ठेवल्यावर एका बाजूला कलला, किंवा पूर्वी जाणवत नव्हते ते खडे तळपायाला जाणवायला लागले की मिडसोल गेलं, वरून बूट कितीही चांगला दिसो. पॉलियुरेथेनचं मिडसोल जड असतं पण दाबाला जास्त टिकतं. त्याचं दुखणं वेगळं आहे.

एक उपाय सगळ्यांनी करावा. नवीन बूट आणले की डोंगरात नेण्याआधी चवड्याजवळच्या शिवणींवर आणि कवचाच्या कडेवर लवचीक पॉलियुरेथेन गोंदाचा पातळ थर द्या, एक दिवस वाळू द्या. शिवण घासणं थांबतं. माझ्याकडे येणाऱ्या बुटांत असे बूट उठून दिसतात.

पाऊलखूण:

फर्मा दादा, फार उपयोगी माहिती. शिवणींवर गोंद लावण्याची युक्ती पहिल्यांदाच वाचली.

सगळे तळव्यावर बोलताहेत, मी मापावर बोलते. मापात न बसलेला बूट कितीही चांगल्या रबराचा असो, आत पाय सरकला की पकड वाया गेली. उतारावर तळवा दगडाला धरून राहतो आणि पाय आत पुढे जातो, नखं काळी पडतात.

बूट संध्याकाळी बघायला जावं, दिवसभरात पाय फुगलेला असतो. जे मोजे घालून चालणार तेच घालून जावं. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं; वय वाढलं की पायाची कमान सैलावते आणि माप वाढतं, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर विसंबू नये. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहा: पाय दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर तो बूट अरुंद आहे, सैल होईल या आशेवर घेऊ नका. चामडं थोडंफार सैलावतं, सिंथेटिक जाळी जवळजवळ नाहीच.

मग उतार शोधा. दुकानात फळी नसेल तर पायरीवर टाच वर, बोटं खाली अशी उभी राहून दोन-तीनदा पाय पुढे दाबा. बोटं टेकली तर माप लहान. चढताना टाच उचलली जात असेल तर वरच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास करून टाच अडकवता येते, ते दुकानातच करून बघा. तरीही टाच उचलत असेल तर त्या बुटाचा फर्मा (ज्या साच्यावर बूट घडवतात तो) तुमच्या पायाचा नाही.

चवडा रुंद आणि टाच निमुळती असलेल्या बायकांना याचा फार त्रास होतो. बायकांच्या विभागात नाही मिळाला तर पुरुषांच्या विभागातले बूट बिनधास्त घालून बघा, आणि उलटही. विभागाचं नाव बघू नका, फर्मा बघा.

ओलीवाट:

वॉटरप्रूफबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

वॉटरप्रूफ बुटात अप्परच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या दमटपणाच्या फरकामुळे. थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो, पडदा छान काम करतो. उष्ण आणि दमट हवेत फरकच उरत नाही, घाम आतच राहतो. वरचं कापड पाणी शोषून ओलं झालं की वाफेची वाट आणखी बंद होते.

ओढ्यात पाणी घोट्याच्या वर आलं की ते वरून आत शिरतं, आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. रात्रभर ठेवला तरी बूट वाळत नाही. साध्या जाळीचा बूट ओढ्यात पूर्ण भिजतो, पण पुढच्या चालीत पाणी दाबून बाहेर निघून जातं. रानवाट, तुमच्या भटकंतीला मी विनापडद्याचा सुचवेन. पाय भिजतील हे धरूनच चालायचं, मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक ठेवायचे, एक कोरडी जोडी सॅकमध्ये. सुती मोजे नकोत, ओली सुती घडी पायाला घासते आणि फोड येतात.

दवात, थंडीत, ओल्या गवतात दिवसभर चालणाऱ्यांनी पडद्याचा बूट जरूर घ्यावा.

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. गोंधळ बराच निवळला. वॉटरप्रूफ बाद, घोट्याखालचा नक्की, दातांची खोली कळली.

ट्रेल रनिंगच्या बुटांचं राहिलं. वजनाला ते तीनशे ग्रॅमच्या खाली मिळतात. हायकिंगचे हलके बूट त्यापेक्षा शंभर-सव्वाशे ग्रॅमने जड. तेवढ्यासाठी ट्रेल रनिंगचेच घ्यावेत का?

कातळवेडा:

चालतात, आणि लांब पल्ल्याचे कितीतरी चालणारे तेच वापरतात. एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजींनी १९५५ मध्ये अमेरिकेतली ३,२०० किलोमीटरहून लांब अ‍ॅपलाचियन ट्रेल एका दमात पार केली ती कॅनव्हासच्या साध्या बुटांत. वाटेत अनेक जोड्या झिजल्या, हेही त्याच गोष्टीत येतं.

ट्रेल रनिंगचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असं धरतात. खरखरीत कातळावर आणि घसाऱ्यावर त्याहून कमी. तुम्ही टिकाऊपणा मागितला आहे आणि सॅकही असते, म्हणून तुमच्यासाठी हायकिंगचा हलका बूट, एका पायाला ४०० ग्रॅमच्या आसपास. ते जास्तीचे शंभर ग्रॅम बोटांच्या कवचात, दणकट अप्परमध्ये आणि मधल्या कडक पट्टीत गेलेले असतात. हातात घेऊन टाच आणि पुढचं टोक धरून पिळा: ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर सॅकसह घसाऱ्यावर पाय दमतील. मग वाकवून बघा: चवड्यात वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर नको.

डब्यावर छापलेलं वजन बहुधा एका ठराविक मापाच्या एका बुटाचं असतं, कधी जोडीचं. तुलना करण्याआधी ते तपासा, शक्यतो आपल्या मापाचा बूट काट्यावर ठेवून बघा.

डोंगरसोंड:

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

एक प्रश्न फर्मा यांना. माझ्या जोडीदाराचे बूट कपाटात नीट ठेवलेले, अगदी थोडे वापरलेले. परवा चढणीवर अर्ध्या तासात एका बुटाचा सोल पूर्ण सुटला, आतला फेस हाताने भुगा होत होता. न वापरता असं कसं होतं?

फर्मा:

वर पॉलियुरेथेनचं दुखणं वेगळं म्हणालो ते हेच. हवेतल्या ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते, त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, फेस ठिसूळ होतो. उष्ण आणि दमट जागी ही क्रिया वेगाने होते. वापरात असलेला बूट दाबला-सोडला जातो, वारा लागतो, त्यामुळे त्यात ती मंदावते. बंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला बूट लवकर जातो. साधारण पाच-सहा वर्षांनंतर असा बूट संशयाने बघावा, मग तो नवा कोरा का दिसेना. खूप दिवस दुकानात पडून राहिलेली जोडी सवलतीत मिळत असेल तर बनण्याची तारीख विचारा.

बाहेर पडण्याच्या आदल्या आठवड्यात मिडसोलला बाजूने अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा पडल्या, कण सुटले किंवा दाबलेली जागा परत उठली नाही तर तो बूट डोंगरात नेऊ नका. एकदा फेसाचा भुगा झाला की माझ्यासारखाही तो चिकटवू शकत नाही, पूर्ण मिडसोल बदलावं लागतं आणि ते सगळ्या बुटांत शक्य नसतं. ठेवताना चिखल धुऊन, पूर्ण वाळवून, हवा खेळती असलेल्या जागी उघडे ठेवा.

आणि वाटेत सुटलाच तर सॅकमधल्या जास्तीच्या नाडीने बांधा: एक वेढा चवड्याच्या मागे, दुसरा टाचेच्या पुढच्या खोबणीत, दोन्हींच्या गाठी बुटाच्या वर बाहेरच्या बाजूला. चवड्याखालून वेढा घेऊ नका, दगडावर घासून तो लगेच तुटतो. टेप असेल तर नाडीवरून दोन फेरे द्या. दुसऱ्या बुटाचं वयही तेवढंच असतं, त्यामुळे तोही त्याच वेळी बांधून घ्या आणि जवळच्या वाटेने खाली उतरा.